कळंब्याचे मिस्त्री

राजारामपुरी, कोल्हापूर
६ नोव्हेंबर २०२४

प्रिय शिवू,

तुझं कार्ड मिळालं. शाळेच्या पत्त्यावर टाकलंस ते बरं केलंस. निवृत्त झाले तरी मंगळवारी आणि शुक्रवारी मी तिथल्या वाचनालयात पुस्तकांना कव्हरं घालायला जाते, तेव्हा ऑफिसातली बाई माझं टपाल हातात देते. घरी आलं असतं तर भूमिकेने पाहिलं असतं. तुला भेटायला तुरुंगात जाणार नाही, असा शब्द मी तिला दिलाय. त्या एका अटीवर तुझी लेक माझ्याकडे राहायला आली. लिहिणार नाही, असा शब्द तिने मागितला नव्हता, आणि मीही आपणहून दिला नाही.

तुरुंगातून थोडे दिवस घरी यायच्या रजेचं वाचलं. जामीनदार म्हणून सही करायला माझी ना नाही. घर माझं आहे, मागची खोली रिकामीच असते. पण तूच लिहिलंयस की पोलीस चौकशीला येतील तेव्हा भूमिकेलाही विचारतील, कारण खटल्यात ती साक्षीदार होती. ती नको म्हणाली तर रजा मिळायची नाही. शिवू, तुझ्या हातून जे झालं ते झालं, शांभवी काही परत येणार नाही. पण पोरीने आपल्या आईला गॅरेजच्या फरशीवर पडताना पाहिलंय. तिला मी कोणत्या तोंडाने सांगू, की बापाला घरी येऊ दे?

एक वाट सुचलीय, आणि ती तुझ्या गाडीवरून जाते. कुरुंदवाडचं गॅरेज विकलं तेव्हा भूमिकेने तुझी जुनी मोटारसायकल तेवढी मागून घेतली. "लोखंडाचा काय दोष, आत्ती," म्हणाली. आता ती कागलच्या पुढे एका फाउंड्रीत माल तपासायच्या कामावर आहे आणि रोज हायवेने त्याच गाडीवर जाते-येते. गाडीला मीही जपते हं. यंदा खंडेनवमीला आपली अव्वा करायची तशी साग्रसंगीत पूजा केली. टाकीवर विभूतीचे तीन पट्टे, टाकीच्या झाकणावर हळद-कुंकू कालवून चांगला जाड लेप, वर शेवंतीचा हार. भूमिका म्हणाली, पुरे आत्ती, तिला पेट्रोल लागतं, नैवेद्य नाही.

पण दसरा झाल्यापासून गाडी चालता चालता मध्येच बंद पडते. एखाद्या दिवशी पडते, एखाद्या दिवशी नाही. इथल्या दोन गॅरेजांत दाखवली, पण त्यांच्या दारात गेली की ती शहाण्या मुलासारखी वागते. मागून बंगळूरकडे जाणारे ट्रक येत असतात आणि ही मध्येच मुकी होते. मला घरात बसवत नाही.

तुला आठवतं? अव्वाचं शिवणयंत्र अडलं की तू त्याला नुसता कान लावायचास आणि सांगायचास, इथं दुखतंय. तेव्हा तू सात वर्षांचाही नसशील. मी सुट्टीत मामांकडून कुरुंदवाडला आले की घाटावर बसून तू मला तेच सगळं सांगत राहायचास. तर तूच सांग, गाडीला कुठे दुखतंय. मी तुझं नाव न घेता भूमिकेला सांगते. गाडी बरी झाली की एखाद्या दिवशी, तिचं मन निवलेलं बघून, कुणी बरी केली ते सांगीन. त्या दिवशी ती हो म्हणेल, असं मला वाटतं.

तुझी अक्का

*

मध्यवर्ती कारागृह, कळंबा
१९ नोव्हेंबर

अक्का,

पाया पडतो. पत्र पोचलं. तू अजून तसंच लिहितीस, मागं सिस्टर पट्टी घेऊन उभी असल्यागत. तुला मामाकडं कॉन्व्हेंटात ठेवलं आणि मला अप्पाच्या पट्ट्याखाली. म्हणून तुझं अक्षर असं आणि माझं असं. वाचताना वैतागू नको.

एवढी वरसं पोरीनं बाप जिता हाय का मेला ते विचारलं न्हाय. गाडी बंद पडली तवा आठवण झाली, ती पण तिला न्हाय, तुला. असू दे. शांभवीचं म्हणशील तर एका फटक्यात माणूस जातंय असं कुणाला वाटलं हुतं? हातात पान्हा हुता म्हणून. हात मोकळा असता तर आज दोघं बसून भांडत असतो की. पोरीनं जज्जाला असं सांगितलं जसं काय मी आठवडाभर आधी ठरवून ठेवलं हुतं.

आता गाडीचं. अशी मधनंच मरणारी गाडी म्हंजे चोर असतोय, दारात पोलीस बघितला की साळसूद हुतोय. गॅरेजात न्हेऊन काय उपयोग न्हाय. जिथं मरती तिथंच तिला पकडाय पाहिजे. पोरीला विचार. खटका बंद केल्यागत एकदम मरती, का आधी गचके देऊन दम लागल्यागत मरती? मेल्यावर हॉर्न वाजतोय का? हँडल वळवलं की मरती का सरळ जाताना? गावात मरती का हायवेला, आणि किती पळाल्यावर? टाकी भरलेली असताना का पेट्रोल कमी असताना? थांबल्यावर आपोआप चालू हुती का कायतरी करावं लागतं? एक पण प्रश्न गाळू नको. तू गाळशील, तुला वाटंल हे कशाला विचारायचं.

रजेचा अर्ज आत दिलाय. तुझं नाव घातलंय. इथं सुतारकामाला लावलंय मला. लाकूड काय बोलत न्हाय, अक्का. इंजान बोलतंय. एकदा तरी हात काळा करू दे माझा.

शिवकुमार

*

राजारामपुरी
३ डिसेंबर

प्रिय शिवू,

तुझं अक्षर पाहून मला रडू आलं. ते आजही उजवीकडे कलतं. तू पाटीवर लिहायचास तेव्हा मी पाटीच वाकडी धरायचे, म्हणजे अक्षर सरळ दिसे.

रविवारी सकाळी भूमिका केस वाळवत गच्चीवर बसली होती, तेव्हा मी विषय काढला. म्हटलं, कळंब्याला एक ओळखीचे मिस्त्री आहेत, जुने जाणते, त्यांना मी गाडीचं सांगितलं होतं, त्यांनी काही विचारलंय. खोटं एकही अक्षर बोलले नाही, पाहा. तुझे प्रश्न मी एका कागदावर उतरवून नेले होते, ते क्रमाने वाचले. ती आधी माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "परत वाचा आत्ती, त्याच क्रमाने." मी परत वाचले. मग तिने एकेकाचं इतकं सविस्तर उत्तर दिलं, की मला वाटलं, बापाची लेक आहे.

तर ऐक. एकदम मरत नाही. आधी गचके देते, मग दम कोंडल्यासारखी होते आणि बंद पडते. हॉर्न वाजतो, दिवा लागतो. हँडलशी संबंध नाही. गावात कधीच नाही, हायवेलाच, आणि गोकुळ शिरगाव मागे पडल्यावर. टाकी भरून घेतली असेल त्या दिवशी लवकर. थोडा वेळ उभी केली की आपोआप सुरू होते. आणि एकदा पेट्रोल संपलं की काय म्हणून तिने टाकीचं झाकण उघडलं, तर आतून कुणी उसासा टाकावा तसा आवाज झाला आणि गाडी पहिल्याच किकला सुरू झाली. हे शेवटचं तिने मला दोनदा सांगितलं. "मिस्त्रींना हे नक्की सांगा," म्हणाली.

मग मी देवळात गेले. परत आले तर ती गाडी धूत होती आणि तोंडाने कसलीतरी धून चालली होती. पुष्कळ दिवसांनी ऐकली. शिवू, मला खरंच आशा वाटायला लागलीय. मागच्या खोलीतली ट्रंक हलवून घेतलीय. तुझ्यासाठी नृसिंहवाडीहून कवठाची बर्फी आणवीन म्हणते.

अक्का

*

कळंबा
१४ डिसेंबर

अक्का,

सगळं बैजवार वाचलं. पोरीनं नीट बघितलंय, मान्य करतो. ते तिनं माझ्याकडनंच उचललंय, आईकडनं न्हाय. आईला ब्रेक कुठला आणि क्लच कुठला ते शेवटपर्यंत कळलं न्हाय.

तिला सांग, मिस्त्री म्हणतोय कॉइल बदल. कॉइल तापली की मरती, गार झाली की चालू हुती. संगं प्लग पण नवा घाल. करून बघ म्हणावं आणि कळव.

इथं सयाजी म्हणून एकजण हाय माझ्या बराकीत, कुरुंदवाडच्या बाजूचाच. त्याला तुझं पत्र वाचून दाखवलं. तो म्हणतोय, लेकाच्या, तुझी भण तुरुंगाला गाव म्हणती, आणि तुला मिस्त्री. हसलो लई. अर्ज वर गेलाय म्हणतात. पोलीस कधी पण येतील. तोवर पोरीला मऊ करून ठेव.

मिस्त्री कोण ते तिनं वळखलं का? वळखलं तर वळखू दे की.

शिवकुमार

*

राजारामपुरी
८ जानेवारी २०२५

प्रिय शिवू,

कॉइल बदलली, प्लगही बदलला. जुनी कॉइल तिने मला आणून दाखवली. पण गाडी तशीच आहे. आठवड्यातून दोनदा तरी तिला उशीर होतो. मी खिडकीत उभी राहते. हल्ली आमची भांडी घासणारी बायडाबाईसुद्धा मला चिडवते, "काय बाई, गाडीची वाट बघताय का जावयाची?"

परवा फार वाईट झालं. लक्ष्मी टेकडीच्या चढाला ती एका टँकरला ओलांडत होती, तेव्हा गाडी गचके देऊन बंद पडली. मागून ट्रक येत होता. तिने कशीबशी कडेला घेतली आणि ट्रक तिच्या बाहीला घासून गेला म्हणाली. हे सगळं तिने वरण-भात खाताना सांगितलं, जसं काही दुसऱ्या कुणाचं. आणि मग विचारलं, "काय म्हणतात तुमचे मिस्त्री?"

मी म्हटलं, विचारते.

शिवू, मी तुझ्यापुढे हात जोडते. नीट आठवून सांग. तू लहानपणी कृष्णेत बुडत होतास तेव्हा तुला मी केसाला धरून ओढलं होतं, आणि अप्पांनी मलाच मारलं, पोराचे केस उपटलेस म्हणून. ते मी कधी बोलून दाखवलं नाही. आज दाखवते. पोरगी एकच आहे आपल्या दोघांत.

मी तिला म्हटलं, थोडे दिवस बसने जा. ती म्हणाली, "मिस्त्री सांगतील की. त्यांना माहीत असणार."

अक्का

*

कळंबा
२० जानेवारी

अक्का,

रडू नको. तुला खरं सांगतो.

कॉइलचं न्हवतंच ते. ते उसाशाचं वाचलं, तवाच मला कळलं गाडीला काय झालंय ते. किरकोळ हाय. आडगावचा कुठला पण मिस्त्री तिथं उभ्या उभ्या करंल. हत्यार पण लागत न्हाय. पण मी सांगणार न्हाय.

का ते ऐक. आज सांगितलं की गाडी उद्या नीट. मग परवा मला कोण विचारतंय? गाडी बंद पडती तोवर मी मिस्त्री हाय. गाडी नीट झाली की परत खुनी. पोलीस आला की ती सरळ न्हाय म्हणून सांगंल आणि तू खिडकीत उभी राहून डोळं पुसशील. तवा आधी रजा. माझ्या हातात कागद पडला, मी तुझ्या दारात आलो, की चपला काढायच्या आधी गाडी नीट करतो. माझ्या हातानं, तिच्या डोळ्यासमोर.

ट्रकचं म्हणशील तर ट्रकवालं हॉर्न मारतात, माणसाला मारत न्हाईत. कोर्टात माझ्याकडं बोट करून दाखवताना तिचा हात थरथरला न्हाय. जरा रस्त्याच्या कडंला उनात उभी राहिली तर काय झिजत न्हाय.

तू तिला यातलं काय बोलू नको. फकस्त सांग, मिस्त्रीला कळलंय, पण तो सवता येऊन करणार.

शिवकुमार

*

राजारामपुरी
५ फेब्रुवारी

प्रिय शिवू,

तुझं पत्र वाचनालयाच्या मागच्या बाकावर बसून वाचलं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा घडी करून पर्समध्ये टाकलं. मग परत वाचलं आणि तुझ्या शब्दांच्या मागचा शिवू मला दिसला. तुला लेकीसाठी स्वतःच्या हाताने काहीतरी करायचंय. कागदावरून सांगितलेलं वेगळं आणि समोर बसून, हात काळे करून केलेलं वेगळं. आपल्या अप्पांनी तुझ्यासाठी असं कधी काही केलं नाही, म्हणून तुला त्याची इतकी भूक आहे. तू कठोर लिहितोस, पण मला फसवता येत नाही.

म्हणून मीही गप्प राहायचं ठरवलंय. थोड्याच दिवसांचा प्रश्न आहे. ती निघताना मी रोज फाटकापर्यंत जाते आणि सांगते, हळू चालव, डावीकडून जा. देवाला सांगून ठेवलंय.

तू सांगितलंस तेवढंच भूमिकेला सांगितलं. म्हटलं, मिस्त्रींना काय झालंय ते कळलंय, पण ते स्वतः येऊन करणार म्हणतात. ती भाकरी थापत होती. हात थांबले. म्हणाली, "कळलंय?" मी हो म्हटलं. "कधीपासून?" मी म्हटलं, डिसेंबरपासून असावं. मग तिने ती भाकरी तव्यावर टाकली, उलटली, फुगवली, आणि सगळं झाल्यावर म्हणाली, "आत्ती, त्यांना शेवटचं एकदा विचारा. म्हणावं, मी रोज त्याच गाडीवर जाते. येईपर्यंत थांबू नका, आताच सांगा. एवढंच विचारा."

मी विचारते आहे, शिवू. तिने पहिल्यांदाच तुझ्याकडे काही मागितलंय, नाव न घेता का होईना. मला वाटतं तू सांगावंस. पण तुझ्या मनाविरुद्ध नको.

मागच्या खोलीला रंग दिलाय, फिकट निळा.

अक्का

*

कळंबा
१७ फेब्रुवारी

अक्का,

न्हाय म्हंजे न्हाय. आता तर मुळीच न्हाय. ती मागाय लागली म्हंजे दोरी माझ्या हातात आली. एवढ्यात सोडू? तू शाळेत पोरं शिकवलीस, पण माणसं तुला कळत न्हाईत.

पोलीस या महिन्यात येतोय. सही झाली की मी आलोच. निळा रंग कशाला दिलास? माझ्या हाताचं काळं उठून दिसंल.

शिवकुमार

*

राजारामपुरी
१० मार्च

श्री. शिवकुमार चन्नाप्पा यांस,

वर काय लिहायचं ते सुचलं नाही म्हणून नाव लिहिलं.

हे पत्र मी बंद न करता आत्तींच्या हातात देणार आहे. त्यांनी वाचावं आणि त्यांनीच पेटीत टाकावं.

तुमचे प्रश्न मी पहिल्या रविवारीच ओळखले. तुम्ही गिऱ्हाइकाला नेहमी याच क्रमाने विचारायचात: मरते कशी, हॉर्न वाजतो का, हँडल, रस्ता, टाकी. मी गॅरेजच्या पायरीवर अभ्यासाला बसायचे, मला ते पाढ्यांसारखे पाठ आहेत. आत्ती वाचत होत्या आणि मला तुमचा आवाज येत होता. दुसऱ्यांदा वाचायला लावलं ते खात्री करायला.

उत्तरं देतानाच मला गाडीचं दुखणं कळलं. टाकीच्या झाकणाला हवा आत जायला बारीक भोक असतं. ते बुजलं की पेट्रोल खाली उतरत नाही आणि इंजिन गुदमरून मरतं. खंडेनवमीला आत्तींनी झाकणावर जो लेप दिला, तो वाळून त्या भोकात बसला होता. त्याच रविवारी आत्ती देवळात गेल्या तेव्हा मी टाचणीने भोक मोकळं केलं. त्या दिवसापासून गाडी एकदाही बंद पडलेली नाही.

कॉइल मी बदलली नाही. आत्तींना दाखवलेली कॉइल भंगारातून आणली होती. उशीर झाला तेव्हा मी कागलला कंपनीबाहेरच्या टपरीवर चहा पीत बसले होते. लक्ष्मी टेकडीचा ट्रक मी रचला.

हे मी का केलं, ते सांगते. आत्तींनी मागच्या खोलीतली ट्रंक हलवली तेव्हाच तुम्ही रजेचा अर्ज केलाय हे मी ओळखलं, आणि चौकशीला पोलीस मला विचारणार हेही. माझं असं ठरलं होतं, की तुम्ही गाडीचं खरं सांगितलंत तर पोलिसांना हो म्हणायचं. माफ करणार नव्हते. पण तुम्ही घरी यावं, मागच्या खोलीत झोपावं, आत्तींच्या हातचं जेवावं, याला माझी हरकत राहिली नसती. उसाशाचं मी मुद्दाम दोनदा सांगायला लावलं. ते ऐकून ज्याला कळणार नाही तो मिस्त्रीच नाही. तुम्ही कॉइल सांगितलीत. मी म्हटलं, चुकले असतील, इतकी वर्षं हात लावला नाही. म्हणून ट्रक पाठवला. ट्रकचं वाचून बाप लिहील असं मला वाटलं. मग आत्ती म्हणाल्या, मिस्त्रींना कळलंय, डिसेंबरपासून. तरीही मी शेवटचं विचारलं.

आईला तुम्ही रागात मारलंत, असं तुमचा वकील म्हणाला होता. मला ते अर्धं पटलं होतं, इतकी वर्षं पटत होतं. रागात माणसाचा हात उठतो, असं मी स्वतःला सांगायचे. पण या वेळी राग नव्हता, पान्हा नव्हता. तुम्ही शांतपणे बसून, कागद घेऊन, पेनने ठरवलंत.

आज हवालदार आले होते. मी नाही म्हणून सांगितलं.

भूमिका

*

राजारामपुरी
११ मार्च

शिवू,

भूमिकेचं पत्र यासोबत आहे. मी वाचलं. तिने वाचायला लावलं आणि वाचत असताना समोर बसून राहिली. वाचून झाल्यावर मला काही बोलायचं होतं. ती म्हणाली, "आत्ती, माझी गाडी बरी झालीय हे तुम्हाला माहीत नव्हतं. तुमच्यासाठी ती रोज बंदच पडत होती. आणि तुम्ही मला रोज फाटकापर्यंत सोडायला येत होतात." तिने आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

ती घर सोडून गेलेली नाही. मला तीच भीती होती. आज सकाळी तिने चहा केला, माझ्या कपात नेहमीसारखी साखर कमी घातली, आणि कामाला गेली. मी फाटकापर्यंत जायला उठले, तर म्हणाली, "बसा तुम्ही." मी बसले.

हवालदार काल आले, तेव्हा तिचा जबाब झाल्यावर माझ्याकडे वळले होते. चांगला माणूस होता, वयाने तुझ्याएवढा. म्हणाला, "बाई, पोरगी नको म्हणतीया, तरी तुमची सही असली तर वर पाठवतो, साहेब बघतील." तेव्हा मी सही केली. हे तुला सांगायला हवं. भूमिका शेजारी उभी होती आणि तरी मी सही केली. मला वाटलं, आपला शिवू कुठे जाईल.

काल रात्री तिचं पत्र वाचलं, म्हणून आज मी रिक्षा करून पोलीस ठाण्यात गेले आणि माझं नाव काढून टाका म्हटलं. हवालदारांनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हणाले, "काल तर केलीसा की सही." मग कागद शोधला, माझ्या नावावर रेघ मारली आणि विचारलं, "कारण काय लिहू, बाई?"

पोरगी मरेल हे दिसत असूनही मी तुझ्या सांगण्यावरून गप्प बसले, हे त्यांना लिहायला कसं सांगणार होते? शाळेत इतकी वर्षं मी मुलांना खरं बोलायला शिकवलं.

"वय झालं, असं लिहा," म्हटलं. त्यांनी तसं लिहिलं.

अक्का